चौथी कोंबडी

जावा बेटावरच्या कारांगसोनो गावात कुंचोरो गुरूंनी एकतीस वर्षं भूगोल शिकवला. पोरांच्या नकाशातली उत्तर दिशा सरळ करण्यात त्यांची हयात गेली, आणि निवृत्त झाल्यावर सरळ करायला हाताशी काहीच उरलं नाही, हे त्यांचं खरं दुखणं होतं. भिंतीवरचं घड्याळ त्यांनी दोनदा सरळ केलं. शेजाऱ्याच्या कुंपणालाही एकदा हात लावून झाला, त्यावरून बोलाचाली झाली. माणूस म्हटला की त्याला कार्य लागतं, आणि गुरूंना ते एका सकाळी बस थांब्यावर सापडलं.

तिथे गुनाडी नावाच्या इसमाने एंपिंगची टपरी टाकली होती. गुरूंच्या पत्नी विनार्नी हिचाही धंदा हाच. मेलिंजोच्या झाडाच्या बिया गरम वाळूत भाजायच्या, दगडावर ठोकून पातळ करायच्या, उन्हात वाळवायच्या, आणि गिऱ्हाइकाने घरी नेऊन तळून कुरुमकुरुम खायच्या. बावीस वर्षं ती हे करत होती आणि गुरू बावीस वर्षं ते खात होते. त्यामुळे दुसऱ्या कुणी एंपिंग विकल्याचं गुरूंना वाईट वाटायचं कारण नव्हतं. वाईट वाटलं ते कागदाचं. गुनाडीच्या पुड्याच्या कागदावर कोंबड्या होत्या.

कोंबड्या विनार्नीच्या. बातिकच्या कापडावर मारतात तसला तांब्याचा ठसा शाईत बुडवून ती स्वतः कागदावर मारायची. एका ठशात चार कोंबड्या. ठशाला ठसा लावत गेलं की कोंबड्यांची रांग व्हायची, रांगेखाली रांग, कागद संपेपर्यंत. पहिल्या तीन कोंबड्या पुढे बघत चाललेल्या आणि चौथी मान वळवून मागे बघणारी. ठसा घडवणाऱ्या सुरिप म्हाताऱ्याच्या हातून ती तशी झाली होती. विनार्नीने तो ठसा तसाच ठेवून घेतला होता. का, ते गुरूंनी कधी विचारलं नव्हतं, कारण त्या कागदाकडे त्यांनी आतल्या एंपिंगसाठी सोडून कधी बघितलंच नव्हतं.

गुरू तडक घरी आले. तिकडे बाईला मानाने 'इबू' म्हणतात आणि पुरुषाला 'बापाक', नवरा-बायकोही एकमेकांना तसंच. "इबू, चोरी झाली!"

"काय गेलं?" विनार्नीने हातातली मुसळी खाली न ठेवता विचारलं.

"कोंबड्या गेल्या! त्या गुनाडीनं आपला कागद उचलला."

"हो, बघितला मी. दोन महिने झाले. पण बापाक, गिऱ्हाईक काही फसत नाही हो. येऊन बरोबर विचारतंय, मागं बघणारी कोंबडी ती तुमचीच ना म्हणून. त्याच्याकडं सगळ्या आपल्या सरळ..."

पण गुरू तोवर आतल्या खोलीत जाऊन फाइल शोधत होते. नवीन फाइल उघडायची म्हटल्यावर त्यांना दुसऱ्याचं बोलणं ऐकू येत नसे. हा दोष शिक्षकांत पुष्कळदा आढळतो.

एक गोष्ट मात्र त्यांच्या बाजूने सांगायला हवी. भीती खरी होती. तिथल्या कायद्यात जो आधी अर्ज करील त्याची खूण. उद्या गुनाडीने त्या कोंबड्या स्वतःच्या नावावर केल्या असत्या, तर बावीस वर्षं ठसा मारणारी विनार्नीच चोर ठरली असती आणि तिचा कागद बंद झाला असता. विनार्नीच्या दुकानाला पाटी नव्हती, नाव नव्हतं. जे काय होतं ते त्या कागदावर होतं.

संध्याकाळी गल्लीच्या पहाऱ्याच्या चौकीत गुरूंनी ही बातमी फोडली. चौकीत पहारा सोडून सगळं होतं: गोड चहा, सोयाबीनचं तळलेलं टेंपे, आणि सल्ला. गल्लीप्रमुख तुगिमान म्हणाले, "पेटंट घ्या, पेटंट." तिकडे कशाचीही नोंदणी असो, माणसं तिला पेटंटच म्हणतात. मिरचीच्या चटणीचं पेटंट, वाद्यवृंदाचं पेटंट, एकाने तर आपल्या सह्यांचं पेटंट घेतल्याचं सांगितलं होतं.

"पेटंट नव्हे, व्यापारचिन्ह," गुरूंनी दुरुस्ती केली.

"तेच ते. पेटंट घ्या."

हाजी मस्दुकींचा बातिकचा कारखाना होता, तीन पिढ्यांचा. त्यांना हसूच आवरेना. "गुरू, नक्षी कुणाची असते का हो? माझ्या आज्यानं काढलेली नक्षी आज सगळ्या बेटावर लुंग्यांवर फिरतीये. आम्ही कुणाच्या लुंगीला हात घातला का?"

"तुम्ही घातला नाहीत, म्हणून तर ती फिरतीये," गुरू म्हणाले.

भिशीच्या प्रमुख इबू मार्फुआ रस्त्याने चालल्या होत्या. त्याही थांबल्या. "माझ्या दिरानं केली होती हो नोंदणी, चिंचेच्या गोळ्यांची. सहा वर्षं खेटे घातले बिचाऱ्यानं. शेवटी कागद हातात आला, आणि तिसऱ्या दिवशी गेले."

"कशानं?"

"वयानं. पण कागद हातात होता, तेवढं एक बरं झालं."

एवढं प्रोत्साहन मिळाल्यावर मागे हटणं शक्य नव्हतं.

नोंदणीचं कार्यालय मोठ्या शहरात, बसने तीन तास. खिडकीवर एक बाई होत्या. त्यांनी फॉर्म पुढे टाकला आणि म्हणाल्या, "नक्षी आहे की चित्र?"

"नक्षी," गुरू वर्गात उभं राहिल्यासारखे म्हणाले. "चित्र संपतं. नक्षी संपत नाही."

"संपत नाही म्हणजे? कोंबड्या किती?"

"तत्त्वतः अगणित."

"रकाना तीन आकडी आहे, बापाक."

मागची रांग जरा पुढे सरकली. गुरूंनी विनार्नीचा कागद चौकटीएवढा कापून आणला होता. बाईंनी त्यावर बोट ठेवलं. "ही काठावरची अर्धीच आहे."

"अर्धी नाही. तिचं उरलेलं अंग पुढच्या कागदावर आहे."

"तुमची कोंबडी पुढं कुठंही जाऊ दे. माझ्या चौकटीत अख्खी पाहिजे. आणि फोटोच्या मागं लाल रंग कशाला? जन्मसाल सम आहे तुमचं. समला निळा, विषमला लाल."

गुरूंचं जन्मसाल ओळखपत्रावर सम होतं आणि वडिलांच्या वहीत विषम. त्यांना स्वतःला वही खरी वाटायची. पण बाईंना वहीत रस नव्हता. गुरू तीन तास बसने परत आले, निळा फोटो काढला, कात्रीने बारा अख्ख्या कोंबड्यांचा चौकोन कापला, आणि पुन्हा तीन तास बसने गेले. खिडकी तीच, बाई त्याच. रांग मात्र मोठी होती.

बाईंनी चौकोन उजेडात धरला. आडवा केला, उभा केला. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "बापाक, ही शेवटची उभी ओळ उलटी छापलीय का? या तीन कोंबड्यांची तोंडं चुकलीत."

गुरूंनी बघितलं. बावीस वर्षांत पहिल्यांदाच नीट बघितलं. खरंच की! बारांतल्या नऊ पूर्वेकडे चाललेल्या आणि तीन पश्चिमेकडे बघत होत्या. रांगेतून कोळंबीच्या चटणीचा नमुना घेऊन आलेला एक जाडा माणूस म्हणाला, "गुरूंची कोंबडी शाळा बुडवून पळाली!" आणि सगळी रांग हसली. खिडकीवरच्या बाईही हसल्या, पण त्यांनी तोंडावर हात तरी धरला.

एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या दिशा सुधारलेल्या माणसाला सरकारी खिडकीवर कुणी दिशा चुकल्याचं सांगावं, यापरतं दुःख नाही. गुरूंचे कान लाल झाले. तिथे दोनच शब्द बोलायचे होते: "बरोबर आहे." चुकलेली नाही, अशीच आहे, एवढंच. ते त्यांना जमलं नाही.

"छापणाऱ्याची चूक," गुरू म्हणाले. "दुरुस्त करून आणतो."

घरी आल्यावर त्यांनी विनार्नीला समजावून सांगितलं. सरकारदरबारी चुकीची वस्तू देता येत नाही, जगात आपली काय शोभा होईल, वगैरे. विनार्नी बिया ठोकत होती. तिने एक बी जरा जास्तच पातळ केली.

"ती चूक आहे?" तिने विचारलं.

"मग काय आहे?"

विनार्नीने दुसरी बी दगडावर ठेवली. मग म्हणाली, "तुमची मर्जी."

जावाची बाई मोठ्याने भांडत नाही. ती 'तुमची मर्जी' म्हणते. शहाणा नवरा हे दोन शब्द ऐकले की हातातलं काम टाकतो आणि आपलं काय चुकलं याचा विचार करत अंगण झाडायला घेतो. गुरूंनी त्याचा अर्थ परवानगी असा घेतला. भूगोलात पहिले आले म्हणून माणसाला घरातल्या वाटा कळतातच असं नाही.

सुरिप म्हातारा तांब्याच्या पट्ट्या वाकवत बसला होता. आता त्याला चष्म्यावर चष्मा लागे. गुरूंनी चार सरळ कोंबड्यांचा नवा ठसा मागितल्यावर त्याने दोन्ही चष्मे काढले.

"बावीस वर्षांपूर्वी मी स्वतः आलो होतो तुमच्या घरी. म्हटलं, इबू, चौथी उलटी लागली, फुकटात बदलून देतो. त्या नको म्हणाल्या. विचारलंत त्यांना?"

"विचारलं."

"काय म्हणाल्या?"

"तुमची मर्जी म्हणाल्या."

म्हाताऱ्याने दोन्ही चष्मे पुन्हा चढवले. "मग मी जरा सावकाशच करतो," तो म्हणाला. सात दिवसांचं काम त्याने सात आठवडे केलं, की मधल्या काळात गुरूंच्या डोक्यात प्रकाश पडावा. गुरू दर सोमवारी जाऊन तगादा लावायचे. शेवटी म्हाताऱ्याने ठसा दिला, पण देताना डोळे मिटून घेतले.

नव्या ठशाच्या बारा कोंबड्या सैनिकांसारख्या एका दिशेने चालल्या होत्या. बाईंनी शिक्का मारला. गुरूंनी जुना ठसा कपाटावर ठेवला आणि बायकोला सांगितलं, "यापुढं हा नवा वापरायचा." विनार्नीने मान हलवली. तिकडे मान हलवणं म्हणजे ऐकलं, एवढंच असतं. दुसऱ्या दिवशी तिने स्टूल घेतलं, कपाटावरून जुना ठसा काढला आणि आपल्या कामाला लागली. गुरूंना ते कळलं नाही, कारण कागदाकडे बघायची त्यांची सवय एका दिवसापुरतीच होती.

दहा महिन्यांनी पत्र आलं. कार्यालयाचं म्हणणं असं की, ओळीने कोंबड्या काढलेल्या असल्या तर बघणाऱ्याला ती नुसती सजावट वाटते, दुकानाची खूण वाटत नाही. ही नक्षी दिसताच लोक तुमचं दुकान ओळखतात, असं असेल तर पुरावा द्या.

गुरूंनी हे पत्र चौकीत मोठ्याने वाचून दाखवलं. चहा थांबला. तुगिमान कप खाली ठेवून म्हणाले, "लोकांनी ओळखायला पाहिजे ना? मग लोकांच्या अंगावरच घाला की!"

आता हे इतरांना वेडेपण वाटेल, पण त्या मुलखात ते अगदी सरळ आहे. चार माणसं एकत्र आली की तिथे पहिला ठराव गणवेशाचा होतो. लग्न असो, भिशी असो, गुडघेदुखीवाल्यांचा व्यायामाचा वर्ग असो, सगळ्यांनी एका नक्षीचं कापड शिवल्याशिवाय आपण एकत्र आलोय अशी कुणाची खात्रीच पटत नाही. सतरा ऑगस्टचा स्वातंत्र्यदिन तोंडावर होता आणि गल्लीच्या गणवेशावरून तुगिमान यांच्या घरी दोन बैठका फिसकटल्या होत्या. कोंबड्यांनी तो प्रश्न एका फटक्यात सोडवला. हाजी मस्दुकींनी "कुणाच्या नक्षीला मी हात लावत नाही, पण मालकच आणून देतोय म्हटल्यावर" असं म्हणत नवा ठसा ताब्यात घेतला आणि गठ्ठेच्या गठ्ठे कापड रंगवलं.

सतरा तारखेला गल्लीतलं झाडून सगळं माणूस कोंबड्यांत होतं. दोरीला टांगलेले पापड तोंडाने खायची शर्यत कोंबड्यांनी जिंकली, रस्सीखेच कोंबड्याच हरल्या. गुरू फोटो काढत धावत होते. पुरावा!

विनार्नी जुन्या जांभळ्या झग्यात आली.

"इबू, तुमचा गणवेश?" इबू मार्फुआंनी विचारलं.

"माझ्या मापाचा उरला नाही हो."

"असं कसं? तुमच्याच तर कोंबड्या!"

"माझ्या?" विनार्नीने आजूबाजूच्या साठ-सत्तर पाठींवरून शांतपणे नजर फिरवली. "नाही बाई. माझी यात नाहीये."

इबू मार्फुआंना हे कळलं नाही, पण कापड आवडलं. पुढच्या महिन्यात त्यांची भिशी कोंबड्यांत आली. भिशीतल्या एकीची सून शाळेत शिक्षिका, म्हणून शाळेचा शुक्रवार कोंबड्यांत गेला. मग दवाखान्यातल्या नर्सा. मग मोठ्या बाजारातल्या छपाईवाल्यांनी ती नक्षी यंत्रावर चढवली, आणि मग तिला धरबंद राहिला नाही. छत्र्या निघाल्या. उशांचे अभ्रे निघाले. न्हाव्याने कोंबड्यांचा पडदा लावला. एका माणसाने मोटारसायकलची सीट मढवली आणि गुरूंना मुद्दाम दाखवायला आणली. गुरूंना वाटलं असतं तर याच वेळी ओरडता आलं असतं. पण ते प्रत्येक छत्रीचा फोटो काढून अल्बमला चिकटवत होते आणि खाली सुंदर अक्षरात गावाचं नाव, तारीख आणि दिशा लिहीत होते. अल्बम दोन झाले. ऊर भरून येत होता.

एकदा एक बाई दुकानात येऊन म्हणाल्या, "हल्ली सगळीकडंच कोंबड्या झाल्यात, म्हणून विचारते. ते मागं बघणाऱ्या कोंबडीचं दुकान हेच ना?"

"हेच," विनार्नी म्हणाली, आणि पुडा बांधला. गुरू मागच्या खोलीत तिसरा अल्बम लावत होते.

सुनावणीचा दिवस गुरुवार होता. गुरूंनी गल्लीचा गणवेश घातला, काळी टोपी घातली, अल्बम काखेत मारले. कार्यालयाच्या फाटकात शिरताच ते थबकले. पहारेकऱ्याच्या अंगावर कोंबड्या होत्या. जिन्यात चहावाला भेटला, त्याच्या अंगावर कोंबड्या. खिडकीवरच्या बाई, झेरॉक्सवाला, फाइली नेणारा शिपाई, सगळे कोंबड्यांत. गुरूंनी डोक्यावरची टोपी सरळ केली. आपल्या स्वागतासाठी कार्यालयाने एवढं केलं, असं त्यांना वाटलं. माणसाने किती भाबडं असावं याला काही सीमा असते, पण ती गुरूंच्या नकाशात नव्हती.

तपासणी अधिकारी सिमातुपांगसाहेब सुमात्राकडचे. त्यांना जावाच्या लोकांसारखं गोल गोल बोलता येत नसे. त्यांनी अल्बम चाळले, तिन्ही, शेवटपर्यंत. मग खुर्चीत मागे टेकले. त्यांच्या पोटावर सहा कोंबड्या होत्या, त्यातली एक गुंडीखाली सापडलेली.

"बापाक गुरू, माझ्या अंगावर काय आहे?"

"आमच्या दुकानाची खूण, साहेब!" गुरू उत्साहाने म्हणाले.

"हा आमच्या कार्यालयाचा यंदाचा गुरुवारचा गणवेश आहे. बाजारात स्वस्त ठाण मिळालं म्हणून घेतला. मला तर आजपर्यंत तुमचं दुकान आहे हेही माहीत नव्हतं. जी नक्षी नर्स घालते, न्हावी घालतो, मी घालतो, ती एका दुकानाची खूण कशी होईल? हे तीन अल्बम तुम्ही स्वतःच्या विरुद्ध जमवलेत."

गुरूंनी अल्बम जवळ ओढले. "पण साहेब, मूळ आमचं..."

"त्याचंही बघू." साहेबांनी फाइलमधून एक कागद काढला. "कुणी गुनाडी म्हणून आहेत, बस थांब्यावरचे. त्यांनी हरकत घेतलीय. हा त्यांचा पुड्याचा कागद, तुमच्या अर्जाच्या सहा महिने आधीच्या तारखेचा. आणि हे तुमचं चित्र. कोंबडीला कोंबडी जुळतीये."

गुरूंनी दोन्ही कागद शेजारी ठेवून बघितले. गुनाडीनेही चोरताना चौथी कोंबडी सरळ करून घेतली होती. त्यालाही ती चूक वाटली असणार. आपण बायकोची नक्षी वाचवायला निघालो आणि अठरा तास बस, दोन फोटो आणि एक ठसा खर्ची घालून चोराचीच नक्षी सरकारात दाखल केली, हे गुरूंच्या हळूहळू ध्यानात आलं. घाम कोंबड्यांतून झिरपू लागला.

"अर्ज नामंजूर," साहेबांनी लिहिलं. मग माणूस अगदीच खचलेला दिसला म्हणून जरा मऊ आवाजात म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नका. खूण कशी असते सांगू? तुमच्याच भागातलं एक एंपिंगचं दुकान आहे. माझी आई दहा वर्षं तिथलंच मागवते. दुसरं आणलं तर ताटाला हात लावत नाही. नाव नाही, पत्ता नाही, नुसता कागद. तसल्याच कोंबड्या, पण एक वाकडी. मागं बघते. आई पुडा हातात घेतला की आधी ती शोधते. ते कागदही टाकत नाही, घड्या घालून ठेवते. आता ती झाली खूण! त्या लोकांनी अर्ज केला तर मी डोळे मिटून सही करीन. पण ते करत नाहीत. तुमच्या ओळखीचे आहेत का हो?"

गुरूंनी टोपी काढली. ती हातात दोनदा फिरवली.

"तोंडओळख आहे," ते म्हणाले.

तीन तासांच्या प्रवासात शेजारच्या प्रवाशाने दोनदा विचारलं, "कापड कुठून घेतलंत हो? छान आहे." गुरूंनी खिडकीबाहेर बघितलं. त्यांना वाईट वाटत होतं, आणि ते अर्ज फेटाळल्याचं नव्हतं. एका परक्या म्हातारीने दहा वर्षं जे घड्या घालून जपलं, ते आपण खिडकीवरच्या रांगेसमोर 'चूक' म्हणून मोकळे झालो, याचं वाईट वाटत होतं.

विनार्नी कागदावर ठसा मारत होती. जुना. गुरू दारात उभे राहिले आणि बघत राहिले. तीन पुढे, एक मागे. तीन पुढे, एक मागे.

"झालं काम?" तिने मान वर न करता विचारलं.

"झालं. म्हणजे, संपलं." मग त्यांनी सगळं सांगितलं. रांग हसली ते सांगितलं, आपण काय बोललो ते सांगितलं, गुनाडीचा कागद सांगितला, साहेबांची आई सांगितली. एवढं सलग खरं बोलायची त्यांना सवय नव्हती, त्यामुळे मध्ये दोनदा पाणी प्यावं लागलं. "इबू, माझं चुकलं."

विनार्नीने ठसा शाईच्या पाटात ठेवला, हात पुसले, आणि फळीवरून एक कोरा फॉर्म काढला. तो तिने गुरूंच्याच फाइलीतून दीड वर्षापूर्वी काढून ठेवला होता.

"लिहा. तुमचं अक्षर चांगलं आहे. अर्जदार, विनार्नी."

गुरूंनी लिहिलं. वर्णनाच्या रकान्यापाशी त्यांनी लेखणी थांबवली. "इथं लिहायचंय, चौथी मागं बघते. इबू, म्हातारा बदलून देत होता, तरी तू ठेवलीस कशाला?"

बावीस वर्षांत हे पहिल्यांदा विचारलं गेलं. विनार्नी हसली. थोडी चिडलेलीही होती.

"तीन जणी आपल्या ऐटीत पुढं बघत निघाल्यात. मागं दुकान उघडं आहे, उन्हात माल वाळत पडलाय. एकीनं तरी मागं बघायला नको?"

हे फॉर्ममध्ये बसण्यासारखं नव्हतं. गुरूंनी नुसतं लिहिलं, 'दर चौथी कोंबडी मागे पाहणारी. बरोबर आहे.'

पुढच्या गुरुवारी पुन्हा तीच खिडकी, त्याच बाई, अंगावर त्याच सरळ कोंबड्या. रांगेत माणसं होती. बाईंनी चौकोन उजेडात धरला, आडवा केला, उभा केला.

"बापाक, शेवटची ओळ पुन्हा उलटी आलीय."

"बरोबर आहे," गुरू म्हणाले.

"चुकलेली नाही?"

"नाही. चुकलो होतो तो मी."

बाईंनी फॉर्मवरून बोट फिरवलं. "अर्जदार इबू विनार्नी. मग तुमचा यात संबंध काय? तुम्ही कोण?"

गुरूंनी अर्ज आणणाऱ्याच्या रकान्यात सही करायला लेखणी उचलली.

"मी पहिल्या तिघींतला," ते म्हणाले. मागे रांगेत कुणीतरी हसलं. गुरूंनी मान वळवली आणि मागे बघितलं.